पटावर एकेचाळीस

४ ऑगस्ट, सोमवार

वर्गात एक. पटावर एकेचाळीस.

बारावी कला, विषय इतिहास. सव्वाअकराच्या तासाला गेले तर भावना एकटीच, तिसऱ्या बाकावर. मी सवयीनं ओरडले — "शांत बसा!" ती शांतच होती बिचारी. इकडेतिकडे बघितलं तिनं, आणखी कोण आलं म्हणून.

बाकीचे चाळीस आहेत — कागदावर. कोणी पोलीसभरतीच्या अकॅडमीत, कोणी सैन्यभरतीच्या. सकाळी ग्राउंडवर धावतात, दुपारी गणितं सोडवतात, आणि आमच्याकडे फक्त नाव ठेवून जातात. देवळाबाहेर चपला ठेवाव्यात तसं.

तास संपल्यावर हजेरी भरली. चार वर्षांत हात इतका बसलाय की बघावंही लागत नाही. मधेच एखाद्याला गैरहजर दाखवायचं, म्हणजे खरं वाटतं. आज प्रीतमला तापानं आजारी पाडलं. गुरुवारपर्यंत बरा करीन.

६ ऑगस्ट

प्राचार्यांकडे गेले. वामनराव सर चहा पिऊन राहिले होते. म्हटलं, सर, वर्गात मुलं नाहीत.

"मुलं आहेत, मॅडम. फक्त वर्गात नाहीत."

या माणसानं खरं तर राजकारणात जायला हवं होतं. मी चहा घेतला आणि परत आले.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज मजा आली! शीतयुद्धाचा धडा. एका मुलीला भाषण काय द्यायचं? तिला म्हटलं, तू अमेरिका, मी रशिया. मधे टेबल. भावनानं आधी पुस्तकातलं वाचून दाखवलं, मग पुस्तक मिटलं आणि स्वतःच्या मनानं भांडायला लागली. मी क्षेपणास्त्रं आणली, तिनं आणली. मी डस्टर आपटलं, तिनं डबा आपटला. तेवढ्यात शिपाई धोंडबा दारात येऊन उभा. भावना म्हणाली, "धोंडबाकाका, तुमी कोणाच्या बाजूनं?"

"मी कोनाच्याच बाजूनं नाही गा. मले घंटा द्याची हाय."

"हे अलिप्त राष्ट्र!" भावना ओरडली. दोघी पोट धरून हसलो. धोंडबाला कळलं नाही, तोही हसला.

जाताना विचारते, "मॅडम, युद्ध झालंच नाही, तर त्याचा धडा काहून आहे?" पंचवीस वर्षं शिकवते आहे, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. उद्या सांगते म्हटलं. रात्रभर विचार करावा लागणार!

१९ ऑगस्ट

पत्र आलं. पटपडताळणी! म्हणजे पटावर जेवढी नावं, तेवढी मुलं खरोखर आहेत का, ते पथक येऊन डोळ्यांनी बघणार. काय भयंकर कल्पना!

वर्गात निदान वीस डोकी दिसली पाहिजेत. नाहीतर तुकडी बंद. तुकडी बंद म्हणजे मी अतिरिक्त. आणि अतिरिक्त म्हणजे एकावन्नाव्या वर्षी कुठल्या तालुक्यात, कुठल्या शाळेत, काय शिकवायचं ते साहेब ठरवणार. संस्कृतच्या एक बाई अतिरिक्त झाल्या होत्या, त्या आता शिट्टी घेऊन कवायत घेतात.

भावनाचं काय? बारावीत, अर्ध्या वर्षात, दुसरं कॉलेज. नंदनवन वस्तीतून एवढ्या लांब सदर भागात ती येते कारण इथे इतिहास आहे. असं तीच म्हणाली होती. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

२० ऑगस्ट

पटावरच्या मुलांना फोन लावले. सोळा नंबर बंद. चौघांनी उचललेच नाहीत. दुर्गेशनं उचलला.

"दुर्गेश, मी शामला मॅडम. इतिहासाच्या."

"कोणत्या इतिहासाच्या?"

"तुझ्या कॉलेजच्या, बाबा."

मग हळूच — "मॅडम, मी कोणत्या कॉलेजले आहो?"

सांगितलं.

"अच्छा, ते सदरमंधलं! चांगलं हाय काय?"

बरं आहे म्हटलं.

"मंग येईन एखांद्या दिवशी. सध्या ग्राउंड सुरू हाय."

दीड वर्षात मी याला एकशे ऐंशी दिवस हजर दाखवलंय. आवाज आज पहिल्यांदा ऐकला.

२३ ऑगस्ट, शनिवार

मारबत. गावातलं सगळं वाईट सोबत घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. गर्दीत उभी राहून सगळ्यांबरोबर ओरडले — घेऊन जा गे मारबत! मनात म्हटलं, पटपडताळणीही ने बाई सोबत.

२८ ऑगस्ट

वामनराव सरांनी मार्ग काढला. अकॅडमीवाले पोरं पाठवायला तयार नाहीत. तेव्हा संस्थेचाच शिवणक्लास चालतो दुसऱ्या मजल्यावर, तिथल्या एकोणीस मुली आणून बसवायच्या. भावना धरून वीस.

"सर, पटावर मुलांची नावं आहेत. दुर्गेश. पियुष."

"प्रीतम हे मुलीचंही नाव असतं."

"आणि दुर्गेश?"

सरांनी चष्मा पुसला. "मॅडम, आजकाल नावावरून काही सांगता येत नाही."

भावना आयत्या वेळी आली नाही तर एक डोकं कमी पडेल, म्हणून कँटीनच्या कुसुमताईलाही बसवायचं ठरलं. वय चव्वेचाळीस. सर म्हणाले, मागच्या बाकावर बसवा आणि दप्तर द्या. म्हणजे दप्तर दिलं की वय कमी होतं!

मी नाही म्हटलं नाही. ते इथे तरी लिहायला पाहिजे. मान डोलावली मी. वर विचारलं, तालीम कधी घ्यायची?

३० ऑगस्ट, शनिवार

तालीम. वर्गात वीस जणी! किती दिवसांनी खडू हातात धरून समोर बघावंसं वाटलं. भावना मात्र कोपऱ्यात सरकून बसली होती, पाहुण्या आल्यावर घरची मुलगी सरकते तशी.

पथकानं काही विचारलं तर उत्तर यावं म्हणून एक धडा शिकवायचा होता. वसाहतवाद घेतला. शिवणकाम करणाऱ्या मुली — म्हटलं, कापडावरूनच सांगावं. इथला कापूस बोटीत चढला, तिकडे मँचेस्टरला सूत झालं, कापड झालं, परत इथे विकायला आलं. आपला विणकर बसला हातावर हात ठेवून.

कुसुमताई मागून म्हणाली, "थांबा, थांबा मॅडम. म्हंजे कापूस आपला, कापड त्याह्यचं, अन् इकत घ्याचं बी आपुनच?"

"हो."

"अन् कोनी काई म्हटलं नाही?"

वर्ग एकदम पेटला. एक जण म्हणाली, आमच्याकडेही तसंच — ब्लाऊज आम्ही शिवतो, नाव दुकानाचं. दुसरी म्हणाली, ते वेगळं. तिसरी म्हणाली, काहून वेगळं? घंटा झाली तरी कोणी उठेना. कुसुमताईच्या चुलीवर दूध उतू गेलं, तिकडून धोंडबा बोंबलत आला.

दहावी झाली आहे म्हणे तिची. "मंग लगन लावून देल्लं. पुस्तक तसंच राह्यलं."

घरी धरमपेठेत परत येताना मी बसमध्ये गुणगुणत होते. लाज वाटायला पाहिजे होती.

१ सप्टेंबर, सोमवार

भावनानं प्रकल्प आणून दिला. स्थानिक इतिहास — मुलाखत. एरवी मुलं दुकानातून तयार प्रकल्प आणायची, हिनं आजीला गाठलं. इंदूबाई. छप्पन साली दीक्षाभूमीवर मायच्या कडेवरून उतरून गर्दीत चालत गेलेली आठ वर्षांची पोर. आजीला भाषण आठवत नाही. धूळ आठवते. मायनं शेजारणीकडून आणलेलं पांढरं लुगडं आठवतं. एकानं ओंजळीत पाणी दिलं, आणि मायनं त्याला जात नाही विचारली, ते आठवतं.

वही मिटून म्हटलं, फार छान केलंस.

ती उभीच.

"मॅडम, एक विचारू? आजीचं नाव कोणत्याच यादीत नाही. मी शोधलं. पण ती होती तिथं. अन् आपल्या हजेरीत एवढी नावं हायेत, पण कोणीच नाही. पन्नास वर्षांनी कोणी आपला हजेरीपट पाहिला, तर त्याले काय वाटेल?"

साधनांची चिकित्सा मीच शिकवली होती हिला. जुलैमध्ये. कागद खोटं बोलू शकतो, कोणी लिहिला, का लिहिला ते विचारा, वगैरे. फळ्यावर मुद्दे काढून!

मी म्हटलं, "तू अभ्यासाकडे लक्ष दे."

२ सप्टेंबर

भावना आली नाही. तालमीला वीसच्या वीस हजर. आज वर्ग भरलेला आणि खरा विद्यार्थी एकही नाही. हजेरीत तिला हजर लिहिलं. हात आपोआप गेला.

३ सप्टेंबर, बुधवार

नीट, क्रमानं लिहायचं आहे.

पथक बारा वाजता आलं. एक साहेबबाई आणि सोबत फाईल धरणारा एक जण. भावना आली होती, तिसऱ्या बाकावर आपल्या जागी. एकूण एकवीस.

बाईंनी ऑनलाइन यादीचा छापील कागद काढला आणि नावं घ्यायला सुरुवात केली. दुर्गेश? लाल ओढणीतली मुलगी — "हजर." बाईंनी वर पाहिलं, खाली पाहिलं, खूण केली. पियुष? "हजर." वेणीत गजरा. खूण. प्रीतम? कुसुमताई मागून खणखणीत — "हाव!" वामनराव सर खिडकीतून झाडं बघत होते.

मग बाईंनी विचारलं, इतिहास विषय का घेतला? कुसुमताई उठली. दप्तर छातीशी धरलेलं.

"मॅडम, आपला कापूस कुठी गेला, ते मालूम पडलं पायजे ना."

बाई हसल्या. "छान तयारी आहे," म्हणाल्या. यादी संपली. वीस खुणा. मग त्यांनी डोकी मोजली. परत मोजली.

"एकवीस आहेत. तुझं नाव काय गं?"

भावना उभी राहिली. नाव सांगितलं, पूर्ण.

बाईंनी यादी वरून खाली पाहिली. फाईलवाल्यानं पाहिली. "नाही. या नावाची विद्यार्थिनीच नाही."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"मी रोज येते, मॅडम."

"रोज येत असशील. पटावर नाहीस." आणि वामनराव सरांकडे वळून, आवाज चढवून — "सर, संख्या वाढवायला बाहेरची मुलगी आणून बसवलीत? हे फार गंभीर आहे."

वामनराव सर एका क्षणात म्हणाले, "चुकून बसली असेल, मॅडम. शेजारच्या क्लासची दिसते. ए मुली, बाहेर जा."

भावनानं माझ्याकडे पाहिलं.

मी खडू हातात धरून उभी होते. बोलायचं होतं एकच वाक्य. ही खरी आहे. एवढंच. पण ते बोललं की पुढचं वाक्य आपोआप येणार होतं — मग बाकीच्या कोण? वीस जणी माझ्याकडे बघत होत्या. मी फळ्याकडे तोंड केलं आणि काहीच लिहिलेलं नसताना पुसायला लागले.

मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. चेन लावल्याचा. चपलांचा.

शेऱ्यात लिहिलं आहे — 'वीस विद्यार्थी प्रत्यक्ष उपस्थित. एक बोगस विद्यार्थिनी आढळली, तिला वर्गाबाहेर काढण्यात आले. अध्यापन समाधानकारक.'

अध्यापन समाधानकारक!

४ सप्टेंबर

आली नाही. फोन बंद.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. सभागृहात माझा सत्कार. वामनराव सरांनी शाल घातली, नारळ दिला. "इतिहासाची तुकडी वाचवणाऱ्या शामला मॅडम." टाळ्या. कुसुमताई वडे घेऊन मागे उभी होती, तिनं टाळी वाजवली नाही.

तिथून तशीच नंदनवनला गेले. शाल पिशवीत कोंबलेली. दारात इंदूबाई बसल्या होत्या, तांदूळ निवडत. भावना आतल्या खोलीत. बाहेर आली नाही.

इंदूबाईंनी मला खुर्ची दिली. चहा ठेवायला सांगितला. मग विचारलं, अगदी साधेपणानं —

"बाई, माह्या नातीनं काय गलती केली?"

"काही नाही."

"मंग भाईर काहून काढलं तिले?"

मी म्हटलं, यादीत नाव नव्हतं. म्हातारीनं ताट बाजूला ठेवलं.

"यादी कोनाच्या हातात होती?"

चहा आला. शालीचं टोक पिशवीतून बाहेर आलं होतं. इंदूबाई म्हणाल्या, "नवी दिसते. काहाची?" शिक्षक दिनाची, म्हटलं. त्यांनी बशी पुढे सरकवली फक्त.

निघताना भावना दारापर्यंत आली. "मॅडम, माझा परीक्षेचा फॉर्म भरला जाईल ना?"

मला हे सुचलंही नव्हतं! यादीत नाव नाही म्हणजे फॉर्म नाही. फॉर्म नाही म्हणजे बारावीच नाही. मी दोन दिवस माझ्या लाजेतच बसले होते, आणि पोरीचं वर्ष चाललं होतं.

६ सप्टेंबर, शनिवार

कार्यालयात पिंटूला धरलं. यादी ऑनलाइन तोच चढवतो. कॉम्प्युटर उघडून डोकं खाजवत राहिला. अकॅडमीकडून चाळीस नावं एकगठ्ठा आली होती, ती एकदम चढवली. भावना अकरावीत उशिरा आलेली, तिचं वेगळं चढवायचं होतं.

"राहूनच गेलं, मॅडम. ती रोज दिसते ना. मले वाटे, हिचं झालंच असन."

म्हणजे रोज येत होती म्हणून राहिली!

वामनराव सरांकडे गेले. तिचं नाव चढवा. सर हळू आवाजात समजावायला लागले — आता नाव घातलं तर बोगस ठरवलेली मुलगी खरी कशी झाली, विचारतील. फाईल उघडेल. पथक परत येईल. "एका मुलीसाठी चाळीस मुलांचं नुकसान करायचं का, मॅडम?"

"ती चाळीस मुलं कुठे आहेत, सर?"

"पटावर आहेत."

"आणि तिचं वर्ष?"

"पुढच्या वर्षी बसेल. वय काय तिचं!"

८ सप्टेंबर, सोमवार

लिहिलं. काल सगळा दिवस त्यातच गेला. आधी तीन पानं झाली — त्यात माझी परिस्थिती, वरून दबाव, सगळीकडे असंच चालतं, वगैरे. मुलींच्या उत्तरपत्रिकेत असं पाल्हाळ दिसलं की मी लाल रेघ मारते. मारली. एक पान उरलं.

चार वर्षं मी हजेरीत खोट्या नोंदी केल्या. तीन तारखेला बसलेल्या वीस जणी आमच्या विद्यार्थिनी नव्हत्या. त्यांना मी बसवलं, त्यांचा दोष नाही. जिला बोगस म्हणून बाहेर काढलं ती एकटी खरी होती. तिचा फॉर्म भरून घ्यावा. खाली सही, तारीख.

सोबत भावनाच्या वह्या, चाचणीचे पेपर, प्रवेशाची पावती आणि चारही हजेरीपट जोडले. शिक्षण खात्यात स्वतः नेऊन दिलं. टेबलावरच्या माणसानं विचारलं, "तक्रार कोणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

"तसा रकाना नाही, मॅडम." त्यानं 'इतर'मध्ये नोंदवलं.

९ सप्टेंबर

सकाळी दोनदा चप्पल घातली, पत्र परत मागून आणायला. भीतीनं. लिहिताना शूर होते.

१५ सप्टेंबर

चौकशी समिती नेमली. सदस्यांत वामनराव सर! अनुभवी आहेत म्हणून.

आज त्यांनी मला समोर बसवून विचारलं, "हजेरीपटात खोट्या नोंदी होत आहेत हे प्राचार्यांच्या लक्षात कधी आणून दिलं?" सहा ऑगस्टला, म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं — 'स्मरत नाही.' कोणाला स्मरत नाही ते लिहिलं नाही.

२४ सप्टेंबर

निकाल लागला.

मी निलंबित. तुकडी बंद. पिंटूला समज. प्राचार्यांनी सहकार्य केल्याबद्दल समिती आभारी आहे.

त्या चाळीस जणांना मात्र कोणी धक्का लावला नाही. त्यांची नावं दुसऱ्या एका कॉलेजच्या पटावर गेली. इथे नव्हते, आता तिथे नसतील.

पत्राच्या शेवटच्या ओळीत, जाता जाता — सदर विद्यार्थिनीस नंदनवनलगतच्या कनिष्ठ महाविद्यालयात सामावून घेऊन तिचा परीक्षा अर्ज स्वीकारावा.

ती ओळ मी सात-आठ वेळा वाचली. 'सदर विद्यार्थिनी.' नाव लिहायचं यांच्या जिवावरच येतं.

२५ सप्टेंबर

भावनाला फोन केला. फॉर्म भरून झाला म्हणाली. नव्या कॉलेजात इतिहास आहे, शिकवायला कोणी नाही. मग थोडं थांबून — "तुमी त्या दिवशी बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मॅडम."

हो म्हटलं. माफ कर म्हटलं. तिनं "ठीक आहे" म्हटलं नाही. आजीला औषध द्यायचं आहे, म्हणाली. ठेवला.

तिनं म्हणायला पाहिजे होतं असं नाही.

६ ऑक्टोबर

घरी बसून बारा दिवस. सव्वाअकरा वाजले की उठून उभी राहते. आज कपाट आवरलं. धूळ फार.

१८ ऑक्टोबर, शनिवार

बेल वाजली. दारात कुसुमताई, मागे जिन्यावर शिवणक्लासच्या नऊ जणी. बाहेरून बारावीला बसायचे सतरा नंबरचे फॉर्म हातात. "नावं यावेळेस आमचीच टाकली, मॅडम," कुसुमताई म्हणाली. "इषयात इतिहास हाय. शिकवान काय?"